अंगठा घेऊन डोंबिवलीला

लोक हवापालटाला महाबळेश्वरला जातात, नवस फेडायला तुळजापूरला जातात. मी उजव्या पायाचा अंगठा घेऊन डोंबिवलीला गेलो. नव्वदच्या दशकातली, ऐन मे महिन्यातली गोष्ट. परत आल्यापासून मी ती इतक्यांना तोंडी सांगितली आहे, की सांगलीतले काही जण मला पाहून रस्ता बदलतात. म्हणून आता लिहून काढतो. ज्यांनी ठाणे-डोंबिवली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या रक्तात साखर आहे पण ज्यांनी आपल्याच तळव्याकडे कधी वाकून पाहिलं नाही, त्यांच्यासाठी विशेष.

सांगलीत माझं नाटकाच्या कपड्यांचं दुकान आहे. जिरेटोप, मुकुट, दाढ्या, लाकडी तलवारी, राणीचे शालू असं सगळं भाड्यानं मिळतं. शिवाय गणेशोत्सवातल्या पहिल्या नाटकाचा सूत्रधार दरवर्षी मीच असतो. नांदी संपली की उजवा पाय आपटून मी एक गिरकी घेतो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आणि माझ्या वजनाला ही गिरकी शोभत नाही असं बायको म्हणते. पण प्रेक्षक त्या एका गिरकीसाठी वेळेवर येतात, निदान मी तसं समजतो.

मधुमेह मला बारा वर्षांचा. त्या वर्षी होळीच्या सुमारास बायकोनं एकदा स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, इकडे या. आपल्याकडे लक्ष्मी आलीय, पण एकाच पायाची." फरशीवर लाल ठिपके उमटले होते. दुकानापासून माजघरापर्यंत, एक सोडून एक. पाय उचलून पाहिला तर अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या उंचवट्यावर सुपारीएवढी जखम. मला पत्ता नाही. दुखलं असतं तर मी गप्प बसणाऱ्यातला माणूस नाही, गल्लीला कळलं असतं.

दोन महिने ड्रेसिंग झालं. जखम सुपारीची खारीक झाली. सांगलीचे सर्जन भले गृहस्थ. ते म्हणाले, "अंगठा काढून टाकू. वेळेवर काढला तर पाय वाचेल." त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, सुशीचा, डोंबिवलीहून फोन आला. "दादा, आधी आमच्या डॉक्टरांना दाखव. कापायची घाई कसली? अंगठा आहे तो, पळून थोडाच जाणार आहे?"

आमच्याकडे मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे जाताना माणूस लग्नाला निघाल्यासारखा निघतो. मी नवे काळे बूट घेतले, पट्टी मावावी म्हणून एक नंबर मोठे. घरात वापरायला पिशवीत माझी नेहमीची मोजडी टाकली. ही मोजडी दुकानातली, सरदाराची. लाल मखमल, जरीचा काठ, पुढे विंचवाच्या नांगीसारखं वळलेलं टोक. रुंद आणि मऊ, म्हणून वर्षभर दुकानात मी तीच घालून वावरायचो. गिऱ्हाइकांनाही त्यात गंमत वाटायची.

डोंबिवली, सोमवार

डोंबिवलीत उतरल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरते ती दारातल्या चपला. प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक उंबऱ्याबाहेर चपलांच्या रांगा, शाळेतल्या मुलांसारख्या शिस्तीत. दुसरी गोष्ट म्हणजे इथे ज्याला त्याला कशाचं तरी वेड आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाई कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन शेजारणीला कालच्या नाटकातला दुसरा अंक कसा पडला ते सांगत होत्या. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

डॉक्टर पोंक्षे यांचा दवाखाना पूर्वेला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. आणि नवल म्हणजे त्या एकाच दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. वर पाटी होती: "चपला-बूट बाहेर काढू नका. आत आणा." मी पाटी वाचली, मनातल्या मनात हसलो आणि सवयीनं बूट बाहेर काढून, पिशवीतली मोजडी न काढताच, पायात मोजे ठेवून सुशीमागोमाग आत गेलो.

डॉक्टर बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. "पाय आणलात. बूट कुठे?"

"बाहेर."

"घेऊन या. नको, बसा, बहिणीला आणू दे. तुम्ही अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

सुशीनं बूट आणले. डॉक्टरांनी बाही वर सरकवली आणि माझ्या बुटात मनगटापर्यंत हात घातला. डोळे मिटले. तबला लावणारा जसा कान देऊन थांबतो तसे ते बोटांनी आत काहीतरी ऐकत राहिले. आपण वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावतो, पण दुसऱ्याच्या बुटाला? तेही इतक्या शिकलेल्या माणसानं?

"डॉक्टर, अहो, हे काय करता?"

"तुमच्या पायाला कळत नाही ना. मग माझ्या हाताला कळून घ्यावं लागतं." त्यांनी कपाटावरच्या बरणीकडे बोट दाखवलं. लोणच्याची काचेची बरणी. आत खडा, चिंचोका, बांगडीची काच, बाटलीचं झाकण आणि कपाटाची एक अख्खी किल्ली. "सगळं पेशंटांच्या बुटांतून निघालंय. किल्लीवाले गृहस्थ तीन दिवस ती किल्ली घरभर शोधत होते. तीन दिवस तिच्यावरच चालत होते."

मग त्यांनी मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा दोरा काढला, बोटभर लांबीचा. "डोळे मिटा. तळव्याला दोरा टेकवीन. कळलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. पंख्याची घरघर ऐकली, बाहेर कुणी आंबे विकत होतं ते ऐकलं. शेवटी म्हणालो, "करा ना सुरू."

"झालं," डॉक्टर म्हणाले. "दहा ठिकाणी टेकवला."

इतकी वर्षं मी लोकांना हसवत आलो. पण त्या एका शब्दाच्या फेकीपुढे मी आडवा झालो. हसू काही आलं नाही.

जखम धुऊन, मेलेली कातडी कापून त्यांनी पट्टी बांधली. इन्सुलिनचा डोस बदलला. मग म्हणाले, "आज सोमवार. पुढच्या सोमवारपर्यंत जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसले तर अंगठा तुमचा. नाही दिसले तर माझा. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. घालायला मऊ काही आहे?"

"आहे. मखमली आहे."

"मखमली? कसलं?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. ज्या माणसाला विचारलं एक तर सांगायची सवय दहा, त्यानं नेमक्या त्या ठिकाणी तोंड मिटलं. नव्या बुटांत मी प्रतिष्ठित व्यापारी दिसत होतो. सरदाराची मोजडी घालून घरात हिंडतो हे सांगून त्या भल्या माणसासमोर विदूषक व्हायची माझी इच्छा नव्हती.

"उद्या तेही घेऊन या," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ते विसरलो. म्हणजे विसरायचं ठरवलं.

डोंबिवली, मंगळवार आणि बुधवार

सुशीच्या घरी हापूसची पेटी आली होती. कॉटखाली गवतात आंबे निजलेले आणि त्यांचा वास घरभर उठलेला. मला मात्र ज्वारीची भाकरी, कारल्याची भाजी आणि ताक. सुशी शाळेत मास्तरीण आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मी कॉटच्या दिशेनं नुसतं पाहिलं तरी तिचा आवाज यायचा, "दादा, वास घे. वासात साखर नसते."

डॉक्टरांची आज्ञा मी शब्दशः पाळत होतो. अंथरुणातून उठलो की आधी मोजडी. पाणी प्यायला मोजडी, न्हाणीघरापर्यंत मोजडी. फरशीवर फट फट आवाज व्हायचा. सुशी म्हणायची, "सरदार स्वयंपाकघरात आले की माझी फोडणी करपते." शेजारच्या बायका मोजडी पाहायला आल्या. बायका आल्यावर मी त्यांना तसंच परत पाठवणं शक्य नव्हतं. मंगळवारी दुपारी मी त्यांना आमच्या नांदीचा प्रवेश करून दाखवला. गिरकी अर्धीच घेतली, आजारी माणूस म्हणून. टाळ्या मात्र पूर्ण पडल्या. एकीनं तर डोळे पुसले, अर्थात हसून.

बुधवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. जखमेची कड पांढरी, तळ काळपट, मधोमध ताजं रक्त. सोमवारपेक्षा वाईट. त्यांनी परत बूट मागवले, परत आत हात घातला, परत डोळे मिटले.

"साखर ताब्यात आलीय," ते स्वतःशीच बोलत होते. "पायाला रक्त पोचतंय, नाडी लागतेय. जंतू फारसे नाहीत. बूट उत्तम. मग ही चिघळते कशानं?"

मोजडीचा संशय मला स्वप्नातही आला नाही, ती इतकी मऊ होती. सुशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. सोमवारला पाच दिवस राहिले होते.

डॉक्टरांनी जखमेचा तळ हलकेच खरवडला आणि काचेच्या पट्टीवर पसरला. "उद्या गुरुवार. मी ठाण्याला जातो. तिथे डॉक्टर कर्णिक म्हणून बाई आहेत, जखमेतल्या पेशींचाच अभ्यास करतात. चला माझ्याबरोबर."

ठाणे, गुरुवार

डॉक्टरांच्या जुन्या फियाटमध्ये मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून मी ठाण्याला निघालो. शीळफाट्यावरून मुंब्र्याच्या डोंगराखालून रस्ता जातो. डोंगराचे सुळके इतके सरळ उभे, की वाटतं कुणीतरी नेपथ्य उभं करून मागचे टेकू काढायला विसरलंय. कळव्याच्या पुलावरून खाडी दिसली. ओहोटी होती. चिखल रुप्यासारखा चमकत होता आणि त्यात गुडघ्यापर्यंत उतरून दोन बायका काहीतरी वेचत होत्या. आमची कृष्णा नदी घाट बांधून, पायऱ्या पुसून पाहुण्यांची वाट पाहते. ही खाडी कुणाचीच वाट पाहत नाही, आपल्या वेळेनं येते आणि जाते.

ठाण्यात मिसळ खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये असं सगळे सांगतात. डॉक्टर समोर बसलेले. मी मिसळीतलं फरसाण एकेक वेचून बशीत काढलं, पाव त्यांच्या बाजूला सरकवला आणि मटकीची तिखटजाळ उसळ चमच्यानं खाल्ली. कानातून वाफ निघाली. डॉक्टर म्हणाले, "इतक्या आज्ञाधारक पेशंटची जखम बरी व्हायलाच हवी." मला मंगळवारची अर्धी गिरकी आठवली.

कर्णिकबाईंची प्रयोगशाळा माजिवड्याच्या अलीकडे एका बैठ्या बंगल्यात. डॉक्टर मला दारात सोडून आपल्या दुसऱ्या कामाला गेले. आणि इथे पाटी होती: "धूळ आत आणू नये. चपला बाहेर काढा." मी मनात म्हटलं, काय गंमत आहे, इकडे आत आणा, तिकडे बाहेर काढा. पण मी तयारीनं आलो होतो. नवे बूट बाहेर काढले, पिशवीतून मोजडी काढली आणि ती घालून ऐटीत आत शिरलो.

बाकावर एक कोळीण बसली होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला सुकटीचा पुडा. तिनं मला खालून वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"दादा, दवाखान्यान आलास का हलदीला?"

"हळदीलाच आलो. नवरी कुठाय?" मी म्हणालो.

"नवरी आतमदी हाय. दुर्बीण घेऊन बसलीय."

तिचं नाव हिराबाई. ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिनं न विचारता आपली टाच उचलून मला दाखवली. मधोमध गुलाबी वण, पिंपळाच्या पानाएवढा. "चिखलान पाय घातला, कालवाचा शिपला लागला. कललाच नाय. माज्या रक्तान पन साकर हाय ना. सा म्हैनं गेलं. सगली बोलली पाय जाल. बाईनी आनि तुज्या त्या डोंबिवलीच्या डाक्टरनी वाचवला. म्हनून सुकट आनलीय."

इतक्यात आतून हाक आली. कर्णिकबाई पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा ढकललेला. टेबलावर परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्सचे ढीग, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यावर एक वरवंटा ठेवलेला. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मोजडीकडे पाहिलं. "नाटकवाले का?"

"कपडेवाले. नाटक अधूनमधून."

"बसा. तुमचाच खेळ लावलाय, बघा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आयुष्यात एवढे पडदे वर जाताना पाहिले, पण असा नाही पाहिला. फिकट गुलाबी रंगमंच, त्यावर शेकडो ठिपके, प्रत्येकाच्या पोटात जांभळ्या रंगाचे दोन-तीन मणी.

"या पांढऱ्या पेशी," बाई म्हणाल्या. "जखम झाली की आधी या धावतात. जंतू मारतात, स्वतःही मरतात. मधुमेहात त्या उशिरा पोचतात, अर्धवट लढतात. हे जुनं ज्ञान झालं. आता उजवीकडे बघा. मोठी, पोटात फेस भरल्यासारखी. तिला मॅक्रोफेज म्हणतात. ती आधी मढी उचलते, कचरा खाते. आम्हाला पूर्वी वाटायचं ती नुसती झाडूवाली. पण आता जगभर जे काम चाललंय त्यातून दिसतंय की जखम भरायला लावणारी तीच. सफाई संपली की ती निरोप पाठवते, की आता नव्या रक्तवाहिन्या येऊ द्या, नवं मांस बांधा. तिच्यावाचून जखम भरतच नाही."

"म्हणजे पहिल्या अंकात लढाई," मी म्हणालो. "शिपाई. दुसऱ्या अंकात सुतार-गवंडी. आणि ही बाई मधे उभी राहून सांगते, शिपायांनो आत जा, कारागिरांनो बाहेर या."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चालेल. फक्त एक दुरुस्ती. तिला हे कोण सांगतं, ते आम्हाला अजून नीट माहीत नाही. मधुमेहात पहिलाच अंक लांबत जातो. शिपाई आत जात नाहीत, ती निरोप देत नाही. का देत नाही, याच्यावर आता सगळ्यांचं डोकं लागलंय. परदेशात तो निरोपच मलमातून द्यायचा प्रयत्न चाललाय. आपल्याकडे यायला वेळ आहे."

त्यांना विचारायला मला जे धाडस लागलं ते कुठल्याच प्रवेशाला लागलं नव्हतं. "माझ्या पायात काय चाललंय?"

"पहिला अंक. तोही कालपरवाच सुरू झाल्यासारखा. तेच मला कळत नाही. दोन-अडीच महिन्यांची जखम आहे आणि पेशी अशा ताज्या धावून आल्यात, जणू कुणी दोन दिवसांपूर्वी नवा घाव घातलाय. या पेशी आळशी नाहीत. कुणीतरी त्यांना रोज नव्यानं बोलावतंय."

मी बाहेर आलो आणि बाकावर बसलो. मधुमेहाच्या माणसाला अंगठ्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण मला दिसत होतं ते सांगलीचं नाट्यगृह, नांदी संपतेय, आणि सूत्रधार काठी टेकत येतोय.

"काय बोल्ली बाई?" हिराबाईनं विचारलं.

"म्हणाल्या, कुणीतरी रोज नवा घाव घालतंय."

"कोन?"

"तेच तर माहीत नाही."

तिला माझी दया आली असावी. विषय बदलायचा म्हणून ती म्हणाली, "बरा, त्यो नवरदेवाचा जोडा मना दाव. माज्या पोराची हलद हाय, मी घालीन नि नाचीन."

मी उजवी मोजडी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती पायात घालायच्या आधी आत हात सरकवला.

"हे काय?" मी विचारलं. "तुम्हालाही डॉक्टरांनी शिकवलं?"

"डाक्टरनी आमालाच ईचारला आसंल. आमी गमबूट घालताना आदी हातच घालतो. आतमदी चिंबोरी, तुमचा खेकडा, बसलेली असते. पाय घातला तर नांगी मारतेय." तिचा हात आत फिरत होता, टोकाकडे गेला आणि थांबला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं हात बाहेर काढला. बोटाच्या पेरावर रक्ताचा थेंब होता.

"दादा," ती म्हणाली, "ही बग तुजी चिंबोरी."

कर्णिकबाईंनी मोजडी दिव्याखाली धरली. मखमलीच्या अस्तरातून खिळ्याचं टोक वर आलं होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. त्याच्याभोवती अस्तर काळं आणि कडक झालेलं. त्यांनी मोजडी माझ्या तळव्याला लावून पाहिली. खिळा जखमेच्या बरोबर मध्यावर आला. त्या हसल्या नाहीत. मीही, त्या आठवड्यात दुसऱ्यांदा, हसलो नाही.

परतीची फियाट

मोजडी पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसली होती, पाहुण्यासारखी.

"मी मंगळवारी आणायला सांगितलं होतं," मुंब्रा आल्यावर डॉक्टर पोंक्षे म्हणाले.

"विसरलो."

"विसरलात?"

"नाही. लाज वाटली."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे येणाऱ्यांना पायाची लाज वाटते. चपलेची वाटलेले तुम्ही पहिले." मग गिअर बदलत म्हणाले, "चूक माझीही आहे. घरातली चप्पल बघितल्याशिवाय मी तुम्हाला चालायची परवानगी द्यायला नको होती. दोन दिवस मी तुमच्या पेशींवर संशय घेत बसलो. त्या बिचाऱ्या प्रामाणिकपणे काम करत होत्या."

मंगळवारच्या गिरकीबद्दल मी त्यांना शीळफाट्याला सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. खांदे हलत होते. रडतायत की हसतायत ते मागून कळेना.

कल्याण, शनिवार

दोन दिवस मला जमिनीला पाय लावायची बंदी होती. सुशीनं मला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर, आणि शेजारणींना दारातूनच परत पाठवलं. शनिवारी तिनं मला रिक्षात घालून कल्याणला नेलं. दुर्गाडी किल्ला मी रिक्षातूनच पाहिला. तटाखाली खाडीला भरती आली होती आणि रेतीची होडी इतकी भरून चालली होती की काठ पाण्याला टेकले होते. वर चढायची परवानगी नव्हती. मी खालूनच मुजरा केला.

कल्याणला रामभाऊ नावाचे चर्मकार आहेत. डॉक्टर आपले सगळे पेशंट त्यांच्याकडे पाठवतात. पायात संवेदना नसलेल्यांसाठी ते काळ्या स्पंजासारख्या रबराच्या चपला करतात. आधी कुष्ठरोग्यांसाठी करायचे, आता आमच्यासाठीही. त्यांनी कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवली. जखमेच्या जागी एक गोल काढला. तिथे तळ खोल ठेवणार, म्हणजे वजन पडणार नाही. त्या गोलाकडे ते इतक्या काळजीनं पाहत होते, की मला वाटलं जिल्ह्याचा नकाशा काढतायत.

मग त्यांनी पकडीनं मोजडीतला खिळा उपटला आणि उजेडात धरला. "हा चांभाराचा खिळा नाही. आम्ही टोक वळवून घेतो. कुणी ठोकलाय हा?"

सुशीनं माझ्याकडे पाहिलं. मी किल्ल्याच्या दिशेनं पाहिलं.

"मीच," मी म्हणालो. आदल्या गणेशोत्सवात दुसऱ्या घंटेला मोजडीचं टोक निखळलं होतं. सरदार विंगेत उभा, मोची कुठून आणायचा? मी नेपथ्याच्या डब्यातला खिळा घेतला आणि तलवारीच्या मुठीनं ठोकला. प्रयोग छान झाला होता. पुढे अस्तर झिजत गेलं आणि टोक हळूहळू वर आलं.

रामभाऊंनी मान हलवली. "प्रयोग संपल्यावर काढायचा ना, साहेब."

डोंबिवली, सोमवार

आठव्या दिवशी दवाखान्यात मी रामभाऊंनी घाईनं करून दिलेल्या चपला घालून, बूट हातात घेऊनच शिरलो आणि न सांगता टेबलावर ठेवले. डॉक्टर पट्टी सोडायला लागले. एकेक फेरा सुटत होता. सुशी पुन्हा कॅलेंडरकडे पाहत होती, पण या वेळी तिनं माझा खांदा धरला होता, लहानपणी अंधारात धरायची तसा. शेवटचा कापूस चिकटला होता, तो त्यांनी पाण्यानं भिजवून काढला. मग खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

सुशी वाकली. "डॉक्टर, हे लाल लाल काय आहे? डाळिंबाच्या दाण्यांसारखं?"

डॉक्टर सरळ झाले. कर्णिकबाईंनी त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं असणार. कारण ते नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "कारागीर आले."

मला पुढचं थोडा वेळ दिसलं नाही. सुशी म्हणते, मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो आणि त्यांनी ओरडून मला खाली बसवलं, कारण मी नेमका उजव्या पायावर उभा राहत होतो.

निघताना त्यांनी खिळा मागितला आणि बरणीत टाकला. किल्लीला लागून टण्ण आवाज झाला. सुशीनं घरी गेल्यावर मला हापूसची एक फोड दिली. एकच, आणि तीही बाठीकडची.

मोजडी मी रामभाऊंकडून नवा तळ घालून घेऊन हिराबाईला पाठवली. कर्णिकबाईंचं पत्र आलं, हिराबाई हळदीत ती घालून तासभर नाचली, पण घालण्याआधी सगळ्या वऱ्हाडासमोर तिनं दोन्ही मोजड्यांत हात घालून पाहिलं. नवरदेवाच्या बुटांतही पाहिलं.

जखम भरायला गणपती आले. त्या वर्षी नांदीला मी काळ्या रबरी चपला घालून गेलो. नांदीला आमच्याकडे चप्पल घालून कुणी उभं राहत नाही, म्हणून आधी विंगेत नटराजाच्या पाटाला कपाळ लावून क्षमा मागितली. तेवढ्यात माझं लक्ष राजाच्या बुटांकडे गेलं. आमच्याच दुकानातले, मीच दुपारी दिलेले, मीच तपासलेले. तरी मी त्याला स्टुलावर बसवलं, बूट काढले आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

"अहो काका, हे काय?" राजा ओशाळला. "माझ्या बुटात तुम्ही हात?"

"थांब रे जरा," मी म्हणालो आणि डोळे मिटले. शेवटी कुठे काही नव्हतं, अस्तर सारखं होतं. मी बूट परत त्याच्या पायात चढवले. तिसरी घंटा झाली. मी पायाच्या दहाही बोटांनिशी रंगमंचावर गेलो. गिरकी घेतली नाही, पाय आपटला नाही. नुसता उभा राहिलो. त्या वर्षी टाळ्या जरा उशिरा आल्या, पण आल्या.